येताना रडतंय

माझ्याकडे पंप येतात ते बहुतेक तांदळाच्या गोणीत. गोणीचं तोंड जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेलं, आत डिझेलने चिंब झालेलं फडकं आणि त्या फडक्यात सहा सिलिंडरचा इंजेक्शन पंप. आणणारा गोणी टेबलावर ठेवतो आणि सांगतो, "पंप गेलाय." काय होतंय, कधी होतंय, ते नाही. थेट निकाल. मग मी विचारतो, "कोण म्हणालं?" त्याचं उत्तर ठरलेलं असतं : "प्रेशर येत नाही ना."

रत्नागिरीत डिझेलचे पंप खोलण्या-जोडण्याच्या धंद्यात मला तीस वर्षं होऊन गेली. ट्रक, डंपर, चिरेखाणीवरची मशिनं यांचे पंप बारा महिने येतात. बोटींच्या पंपांना मात्र हंगाम असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाड्यात बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात, जाळी विणली जातात, रंग लागतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम आठवतं की इंजिनही बघायला हवं होतं. तेव्हा दुकान रात्री अकरापर्यंत उघडं असतं. दुसरी लाट येते ऑगस्टच्या शेवटाला आणि सप्टेंबरात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ज्यांची इंजिनं समुद्रात बसली, त्यांचे हे पंप. या दुसऱ्या लाटेतल्या निम्म्याहून जास्त पंपांत काहीही बिघाड नसतो. हे मी माझ्या वहीवरून सांगतोय आणि ते छापून येणं माझ्या गल्ल्याच्या दृष्टीने बरं नाही, याचीही मला कल्पना आहे.

पण "प्रेशर येत नाही" म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. कारण डिझेल इंजिनात प्रेशर दोन ठिकाणी असतं आणि त्या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. टाकीतून डिझेल ओढून, फिल्टरमधून गाळून मोठ्या पंपाच्या दारापर्यंत पोचवायचं काम एक छोटा पंप करतो. त्याला फीड पंप म्हणतात. मोठ्या पंपाच्या कुशीत बसवलेला, मुठीएवढा, डोक्यावर हाताने मारायचा दट्ट्या. हा जे प्रेशर देतो ते चौरस सेंटिमीटरला साधारण एक ते दोन किलो. सायकलच्या ट्यूबमध्येसुद्धा याहून जास्त असतं. तिथून पुढे मोठा पंप तेच डिझेल थेंबाथेंबाने मोजून नोझलकडे फेकतो आणि ते नोझल नुसतं उघडायलाच दोनशे किलोच्या आसपास प्रेशर लागतं. हे प्रेशर तयार करणारा प्लंजर आपल्या बॅरलमध्ये दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत वरखाली होतो. डोक्यावरचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. म्हणून तो पंप महाग, म्हणून तो खोलायला वेगळं दुकान, आणि म्हणूनच काही झालं की संशय पहिल्यांदा त्याच्यावर. पैसेवाल्याच्या घरी चोरी झाली की गडी जसा आधी धरला जातो, तसा इथे इंजेक्शन पंप.

खरं म्हणजे हा मोठा पंप फार प्रामाणिक असतो. त्याला जेवढं मिळतं तेवढंच तो पुढे देतो. दारात एक किलोने डिझेल उभं असेल तर तो दोनशे किलोची करामत करून दाखवतो. दारात डिझेलबरोबर हवा आली तर मात्र त्याचा प्लंजर ती हवाच दाबत बसतो. डिझेल दबत नाही, हवा दबते. प्लंजर वर जातो, हवा आक्रसते, प्लंजर खाली येतो, हवा पुन्हा फुगते, नोझल ढिम्म. खलाशी म्हणतात, "इंजिनाने हवा घेतली." एवढ्या तीन शब्दांत सगळं आलं.

या हवेशी डिझेलचं नातं जुनं आहे. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला चाललं, तेव्हा त्याच्याकडे असला पंप नव्हता. इंधन सिलिंडरमध्ये फुंकायला तो दाबलेली हवाच वापरायचा. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, आणि एवढं धूड कारखान्यात किंवा मोठ्या जहाजात ठीक, आपल्या बोटीत कुठे मावणार? १९२७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले आणि मग डिझेल इंजिन ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, मच्छीमार बोटीत शिरलं. आपल्याकडे बंगळुरूला १९५१ मध्ये मायको कंपनी सुरू झाली. नाव बदलून बॉश होऊनही बरीच वर्षं झाली, पण माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक अजून "मायकोचा पंप" असंच म्हणतं. खुद्द डिझेलसाहेब २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून नाहीसे झाले. रात्रीचं जेवण झालं, केबिनकडे गेले, सकाळी नव्हते. पुढे समुद्रात प्रेत सापडलं. आत्महत्या की आणखी काही, यावर लोक अजून लिहितात. हे मी दुकानात कधीमधी सांगतो, पंप बेंचवर फिरत असताना वेळ जातो.

आता मूळ मुद्दा. कोकणात ज्याच्या घरी विहीर आहे त्याला हे समजवावं लागत नाही. विहिरीवरची मोटर सुरू आहे, आवाज करतेय, पण पाणी येत नाही. कोणी लगेच मोटर उतरवत नाही. आधी फूटव्हॉल्व्ह बघतात, मग पाइपाचे सांधे. कारण मोटरीच्या पुढच्या पाइपाला भोक असेल तर चिळकांडी उडते, साऱ्या वाडीला दिसतं. मोटरीच्या मागच्या, म्हणजे ओढणीच्या पाइपाला भोक असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठाक. इंजिनाचंही तसंच. फीड पंपाच्या पुढे गळती असली तर डिझेलचा ओघळ दिसतो, वास येतो, फडकं लावलं की भिजतं. फीड पंपाच्या मागे, टाकीपर्यंत, जी गळती असते ती गळतच नाही. रबरी पाइपाची भेग, बॅन्जो बोल्टखाली दोनदा वापरलेला तांब्याचा वायसर, ढिला क्लॅम्प : काहीही असो, टॉर्च घेऊन बघा, थेंब नाही. आणि थेंब नाही म्हणून मेकॅनिक पुढे सरकतो, पुढे सरकत सरकत मोठ्या पंपाशी येतो आणि पाने लावतो.

बघायची रीत अवघड नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. फिल्टरच्या पुढे गेज लावायचं आणि इंजिन लोडवर घ्यायचं. रिकाम्या चालीवर गेज बघण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा इंजिन पितंच किती? लोडवर काटा पडला की तेच गेज फिल्टरच्या मागे लावायचं. मागे बरोबर आणि पुढे कमी, तर फिल्टर चोंदलाय. दोन्हीकडे कमी, तर फीड पंपाच्या मागे व्हॅक्यूमचं गेज. तिथे ओढ जास्त दिसली तर वाटेत कुठेतरी अडकलंय : टाकीच्या तोंडाची जाळी, आतून सुटलेला रबरी पाइप, किंवा पावसाळ्यात टाकीत साठलेल्या पाण्यावर धरणारा काळा चिकट थर. तो थर जिवंत असतो, बुरशी आणि जंतूंचा. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढतो. दोन महिने बोट अर्ध्या टाकीने उभी राहिली की वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा पत्र्यावर पाणी धरते. उपाय म्हणजे बंदीआधी टाकी भरून ठेवणे. पण जूनमध्ये, उत्पन्न बंद असताना, दोन महिने नुसतं पडून राहणारं डिझेल कोण भरील? मी सांगतो, ते मान हलवतात, कोणी भरत नाही.

आणि ओढही कमी, प्रेशरही कमी, असं निघालं तर एक तर फीड पंप थकलाय, एक तर हवा शिरतेय. (मोठ्या पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह सैल झाला तरी प्रेशर पडतं. तो स्प्रिंगचा बारकासा तुकडा, बदलून बघायला पाच मिनिटं पुरतात.) यातलं नेमकं कोणतं, ते ठरवायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे हातभर पारदर्शक पाइप आणि डिझेलचा एक स्वच्छ कॅन. पारदर्शक पाइप फीड पंपाच्या तोंडाशी जोडायचा : बुडबुडे दिसले की हवा. मग टाकी तोडून टाकायची आणि कॅनमधून थेट डिझेल द्यायचं. इंजिन सुधारलं तर दोष कॅन आणि टाकी यांच्या मधल्या वस्तूंत आहे, बाकी सगळं निर्दोष. नाही सुधारलं तर टाकीला सोडून द्या. अर्ध्या तासाचं काम. पंप उतरवणं, आणणं, परत बसवून टायमिंग लावणं यात दोन दिवस जातात आणि हंगामातले दोन दिवस म्हणजे काय, हे बोटवाल्यांना मी सांगायला नको.

एवढं सोपं असून लोक कॅन का लावत नाहीत, याचं मला बरीच वर्षं कोडं होतं. आळस म्हणावं तर पंप उतरवण्यात जास्त मेहनत आहे. त्याचं एक उत्तर मला काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात मिळालं.

एक ट्रॉलर. मालक ओळखीचे, मी त्यांना शेठ म्हणतो, ते मला भाऊ. त्या दिवशी ते स्वतः आले, मागे गोणी घेऊन ड्रायव्हर. बाहेरच्यांसाठी सांगतो, बोट हाकतो तो तांडेल. ड्रायव्हर म्हणजे इंजिन सांभाळणारा. पंप महिन्याभरात दुसऱ्यांदा उतरवलेला होता. पहिल्या वेळी दुसऱ्या एका दुकानात कॅलिब्रेशन झालं होतं. फिल्टर तीनदा बदललेले, फीड पंप नवा. तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि तिन्ही वेळा बोट परत येताना इंजिन बसलं होतं. तिसऱ्या वेळी तर रत्नदुर्गावरचा दीपस्तंभ दिसत असताना. पश्चिमेचा वारा, लाट किल्ल्याच्या कड्याकडे ढकलत होती. नांगर टाकला तो आधी घसरत गेला, मग कुठेतरी धरला. बोटीवर आठ माणसं, त्यातले तिघे नेपाळचे, त्यांना पोहता येत नव्हतं. मागून येणाऱ्या बोटीने दोर टाकून ओढून आणलं. बंदराच्या तोंडाशी गाळाची भीती वेगळीच. शेठ हे सगळं सांगताना मासळीच्या आणि बर्फाच्या नुकसानीवर जास्त बोलत होते, पण हात थरथरत होते तो आकड्यांमुळे नसावा.

"ह्याचा हिशेब थांबवलाय मी," ड्रायव्हरकडे न बघता ते म्हणाले. "इंजिन सांभाळता येत नाय तर सांगावं."

ड्रायव्हर पंचविशीचा असेल. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा कोर्स केलेला. दारातच उभा होता. मी म्हटलं, "शेठ, जरा त्याला बोलू दे. काय रे, कसं करतंय?"

"जाताना बरं चालतंय, येताना रडतंय."

शेठ हसले. "ऐका. इंजिनाला घरी यायचा कंटाळा आलाय."

मला ते वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही. जाताना आणि येताना यांत फरक काय पडतो? येताना बोट मासळीने जड असते. इंजिन बरेच तास चाललेलं असतं. फिल्टरमध्ये चार दिवसांचा कचरा साठलेला असतो. आणि टाकी रिकामी होत आलेली असते. मी विचारलं, "बंद पडल्यावर काय करता?"

"कॅनमधलं डिझेल ओततो टाकीत, हवा काढतो. मग चालतं."

"किती वेळ?"

"पावणेदोन तास. कधी दीड."

"कॅन कितीचा?"

इथे तो थांबला. आधी शेठकडे बघितलं, मग म्हणाला, "पस्तीस लिटरचा."

ते इंजिन लोडवर तासाला अठरा-वीस लिटर पितं. पस्तीस लिटर संपायला पावणेदोन तास. म्हणजे ओतलेलं संपलं की इंजिन पुन्हा बसत होतं. फिल्टर असा वागत नाही. चोंदलेला फिल्टर डिझेल ओतल्याने मोकळा होत नाही.

पंप मी खोलला नाही. आहे तसा बेंचवर चढवला, सहाही काचेच्या नळ्या सारख्या भरल्या. "पंप ठीक आहे," मी म्हटलं. "नेऊन बसवा. आणि उद्या मी येईपर्यंत टाकीत डिझेल भरू नका."

"भरायचं नाय? आम्ही तर आल्या आल्या भरतो. मग मेकॅनिकला बोलावतो."

तेच तर होत होतं. मेकॅनिक येईपर्यंत टाकी तुडुंब. जेटीवर इंजिन चालवलं की घड्याळासारखं चालायचं. तिघं मेकॅनिक येऊन गेले होते आणि तिघांनीही इंजिन निरोगी अवस्थेतच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेटीवर गेलो. पंप बसवून झाला होता. टाकीत काठी घालून बघितली, अर्ध्याच्या जरा खाली. पारदर्शक पाइप लावला, गेज लावलं, बोट दोरांवर ठेवूनच गिअर टाकला. आधी काटा सव्वा किलोवर उभा होता. शेजारून दुसरी बोट गेली, तिच्या लाटेने आमची बोट डोलली आणि पाइपात सोडावॉटरच्या बाटलीसारखे बुडबुडे आले. काटा पाऊण, अर्धा, पुन्हा पाऊण. इंजिन धापा टाकायला लागलं. ड्रायव्हरने कॅन धरला, पाइप त्यात टाकला, हवा काढली. काटा सव्वा किलोवर जाऊन बसला तो हललाच नाही. शेठ शिडीवर उभे राहून बघत होते.

टाकीतून डिझेल ओढणारी नळी वरून आत सोडलेली, उभी, तळापासून चार बोटं वर संपणारी. ती बाहेर काढली. साधारण मध्यावर, जिथे आधारासाठी पट्टी जोडली होती त्या वेल्डिंगच्या कडेला, गंजलेली एक चीर. नखाएवढी. टाकी भरलेली असताना ती चीर डिझेलात बुडालेली, तिच्यातूनही डिझेलच आत जाणार. पातळी चिरेच्या खाली गेली की हवा. जाताना बरं, येताना रडं.

शेठ वेल्डरला फोन करायला वर गेले, तेव्हा इंजिनाशी आम्ही दोघेच होतो. मी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं ना, अर्ध्या टाकीला होतंय?"

"दुसऱ्या फेरीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अर्धी टाकी म्हटलं की ते विचारणार, अर्धी कशी काय झाली?"

डिझेल बोटीचा सगळ्यात मोठा खर्च. संस्थेच्या पंपावरून ते कोट्याने मिळतं, त्यावरचा कर सरकार नंतर परत करतं आणि तो परतावा वेळेवर येत नाही ही रड कायमची. त्यामुळे मालकाचं लक्ष लिटरालिटरावर असतं. समुद्रात डिझेल विकल्याच्या संशयावरून आदल्या वर्षी याच बोटीवरचा ड्रायव्हर गेला होता. खरं-खोटं देव जाणे. त्याच्या जागी आलेल्या या पोराने टाकीचं नाव काढायचं नाही, एवढं ठरवून टाकलं होतं. म्हणून तो खोटं न बोलता जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होता : जाताना, येताना. कॅन लावून बघावा हे त्याच्या कोर्समध्येही शिकवलं होतं म्हणे. पण कॅन लावायचा म्हणजे दोष टाकीकडे आहे असं चारचौघांत म्हणायचं, आणि मग टाकीत किती आहे, किती असायला हवं होतं, ही चौकशी आलीच. त्यापेक्षा पंप उतरवलेला बरा. पंपावर कोणी चोरीचा आळ घेत नाही.

मी वर येऊन शेठना एवढंच सांगितलं की पोराने सांगितलं नसतं तर मलाही सापडलं नसतं. ते "हं" म्हणाले. त्याचा थांबवलेला हिशेब त्यांनी त्याच संध्याकाळी चुकता केला, हे मला तांडेलाकडून कळलं. मला नळी शोधण्याचे किती द्यायचे यावर मात्र घासाघीस झाली. "पंप तर तुम्ही खोललासुद्धा नाय, भाऊ," शेठ म्हणाले. माझ्या धंद्यात न खोलण्याचे पैसे मागणं हे सगळ्यात कठीण काम आहे.

वेल्डरने नवी नळी घातली. पुढच्या पावसाळ्यात बोट बंदरात उभी असताना टाकीला बाहेरून एक काचेची उभी नळी बसवली, दोन्ही टोकांना कॉक, पत्र्यावर रंगाने लिटरच्या रेघा. शिडीवरून कोणालाही टाकीची पातळी दिसते. शेठ म्हणतात, ड्रायव्हरवर लक्ष राहावं म्हणून त्यांनी ती लावून घेतली. ड्रायव्हर म्हणतो, त्यानेच मागे लागून ती लावायला लावली. दोघेही त्या नळीवर खूश आहेत.